डिझी डीन : अंगठा दुखला आणि हात गेला



खेळाडूंची चरित्रं आपण मुलांना नेहमी सांगतो. गरिबी, मेहनत, जिद्द आणि शेवटी मोठं यश, असा त्यांचा साचा ठरलेला असतो. दुखत असतानाही खेळला, ताप असतानाही धावला, असे प्रसंग त्यात हमखास येतात आणि मुलं टाळ्या वाजवतात. आज सांगतोय ती गोष्ट त्याच साच्यातून सुरू होते, पण पुढे वेगळ्या वाटेला जाते. अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू डिझी डीन याचं हे चरित्र आहे. सहावी ते दहावीच्या वर्गांना आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या तासाला ते सांगता येईल. पण त्याआधी आपण मोठ्यांनीच ते नीट वाचावं असं वाटतं.

थोडक्यात ओळख

मूळ नाव : जे हॅना डीन
जन्म : १६ जानेवारी १९१०, लुकास, आर्कान्सा राज्य, अमेरिका
खेळ : बेसबॉल (पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा)
मुख्य संघ : सेंट लुईस कार्डिनल्स, नंतर शिकागो कब्ज
एकूण विजय : १५०, पराभव : ८३
सन्मान : १९५३ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड
मृत्यू : १७ जुलै १९७४, रेनो, नेवाडा राज्य

आधी खेळ समजून घेऊ

आपली मुलं क्रिकेट जाणतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. बेसबॉलमधला पिचर म्हणजे साधारण आपला गोलंदाज. पण तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून साडेसाठ फुटांवरच्या बॅटरकडे चेंडू फेकतो. चेंडू टप्पा न घेता थेट जातो. कोपर वाकवून फेकायला पूर्ण परवानगी असते. एका सामन्यात नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन जण बाद करायचे असतात. म्हणजे पूर्ण सामना एकट्याने टाकायचा झाला तर सत्तावीस बळी होईपर्यंत हात चालवायचा. क्रिकेटसारखं सहा चेंडूंनंतर दुसऱ्याकडे चेंडू देणं इथे नसतं. एका सामन्यात शंभर-सव्वाशे वेळा पूर्ण ताकदीने फेक होते. डीनच्या काळात एका हंगामात प्रत्येक संघ १५४ सामने खेळायचा. एवढं लक्षात असलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

कापसाच्या शेतातलं बालपण

डीनचे वडील वाट्याने शेती करायचे. दुसऱ्याच्या रानात कापूस पिकवायचा, पिकाचा वाटा मालकाला द्यायचा आणि उरलेल्यात घर चालवायचं. जे लहान असतानाच आई वारली. वडील आणि तीन भाऊ असं घर राहिलं. काम मिळेल तिकडे कुटुंब आर्कान्सातून ओक्लाहोमाकडे आणि पुढे सरकत गेलं. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं शाळेत कमी आणि रानातच जास्त. प्राथमिक वर्गांच्या पुढे जेची शाळा गेलीच नाही. ऊसतोडीच्या किंवा कापूस वेचणीच्या काळात आपल्या वर्गातली काही बाकं रिकामी पडतात, ते पाहिलेल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

सोळाव्या वर्षी तो सैन्यात भरती झाला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या छावणीत पोटभर जेवण होतं, पायात बूट होते आणि बेसबॉलचा संघही होता. तिथेच त्याला 'डिझी' हे टोपणनाव पडलं. आपल्याकडे एखाद्याला लाडाने चक्रम म्हणतात ना, तसंच. बडबड्या, बढाया मारणारा, सतत काहीतरी खोड्या करणारा हा उंच पोरगा चेंडू मात्र असा फेकायचा की समोरच्याला तो दिसायचाच नाही.

सैन्यातून बाहेर पडल्यावर कार्डिनल्स संघाने त्याला घेतलं. २८ सप्टेंबर १९३० रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, तो पहिला मोठा सामना खेळला आणि जिंकला. १९३२ पासून मुख्य संघात त्याची जागा पक्की झाली. ३० जुलै १९३३ ला शिकागो कब्जविरुद्ध एकाच सामन्यात त्याने सतरा बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता बाद केले. तो तेव्हाचा विक्रम होता.

१९३४ : वैभवाचं वर्ष

अमेरिकेत तेव्हा महामंदी होती. कारखाने बंद पडलेले, माणसं कामाच्या शोधात वणवण फिरणारी. अशा दिवसांत कापसाच्या रानातून आलेला, अशुद्ध बोलणारा, हसवणारा हा पोरगा गरिबांना आपलासा वाटला. त्याचा धाकटा भाऊ पॉलही त्याच वर्षी कार्डिनल्समध्ये आला. तोही पिचरच. त्या हंगामात डिझीने तीस सामने जिंकले आणि पॉलने एकोणीस. दोन भावांचे मिळून एकोणपन्नास विजय! नॅशनल लीगमध्ये एका हंगामात तीस सामने जिंकणारा पिचर डीननंतर आजवर झालेला नाही.

आता त्या हंगामाच्या शेवटाकडे जरा बारकाईने बघा. २८ सप्टेंबरला डीनने पूर्ण सामना टाकला. ३० सप्टेंबरला पुन्हा पूर्ण सामना. ३ ऑक्टोबरला डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, तोही पूर्ण. ६ ऑक्टोबरला तो फक्त धावण्यासाठी मैदानात उतरला, तर क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला आणि तो खाली कोसळला. रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढले. दुसऱ्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, तो आठ इनिंग टाकत होता! तो सामना कार्डिनल्स हरले. मग एका दिवसाची विश्रांती, आणि ९ ऑक्टोबरला निर्णायक सातवा सामना. त्यात डीनने समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. कार्डिनल्स ११-० ने जिंकले. सिरीजमधले चारही विजय या दोन भावांच्या नावावर लागले.

मुलांना फळ्यावर बेरीज करायला सांगा : नऊ, नऊ, नऊ, आठ आणि नऊ. बारा दिवसांत चव्वेचाळीस इनिंग. वर डोक्याला मार.

लोकांनी हे सगळं शौर्य म्हणून साजरं केलं. त्यात शौर्य होतंच. पण हाताचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

एवढं का खेळायचा?

मराठीत 'ताण' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. स्नायूवर येतो तोही ताण आणि मनावर येतो तोही ताण. डीनच्या आयुष्यात हे दोन्ही ताण एकमेकांत गुंतलेले होते.

१९३४ मध्ये देशातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूंपैकी एक असलेल्या डीनला वर्षाला साडेसात हजार डॉलर मिळत होते आणि पॉलला तीन हजार. भावाचा पगार वाढवा म्हणून डिझी त्याच हंगामात व्यवस्थापनाशी भांडला. संघ सोडून दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. तेव्हाच्या करारात असं कलम असायचं की खेळाडू कायम त्याच मालकाशी बांधलेला राहायचा. मालकाने विकलं तरच संघ बदलायचा. ही पद्धत १९७५ पर्यंत टिकली. शिवाय स्पर्धेचे सामने नसतील त्या दिवशी गावोगावी प्रदर्शनीय सामने असायचे. ऑगस्ट १९३४ मध्ये असाच एक सामना दोघा भावांनी चुकवला, तर दोघांना प्रत्येकी शंभर डॉलर दंड झाला. डिझीने रागाने गणवेश फाडला आणि त्याला निलंबित करण्यात आलं.

पुढची दोन वर्षंही अशीच. १९३४ मध्ये ३११, १९३५ मध्ये ३२५ आणि १९३६ मध्ये ३१५ इनिंग. तीन वर्षांत मिळून साडेनऊशे. दरवर्षी तो पन्नास-एक्कावन्न सामन्यांत चेंडू टाकायचा. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश सामन्यांत त्याची पाळी नसायची, पण संघ अडचणीत आला की त्यालाच मधे बोलवायचे. आज मोठ्या लीगमध्ये एका हंगामात दोनशे इनिंग टाकणारे पिचरसुद्धा बोटांवर मोजण्याइतके असतात.

इशारा घरातच मिळाला होता. १९३६ चा हंगाम सुरू होण्याआधी पॉल पगारावर अडून बसला. करार उशिरा झाला, शरीराची तयारी अपुरी राहिली आणि घाईने मैदानात उतरल्यावर त्याचा हात दुखावला. सलग दोन वर्षं एकोणीस-एकोणीस सामने जिंकलेला हा तरुण त्या वर्षी पाचच जिंकू शकला. पुढे तो पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती.

पायाचा अंगठा

७ जुलै १९३७. वॉशिंग्टनमध्ये ऑल-स्टार सामना होता. दोन्ही लीगमधले निवडक खेळाडू त्यात खेळतात. प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बसले होते. थकलेल्या डीनला तिथे जायची फारशी इच्छा नव्हती असं सांगतात, पण तो गेला. तिसऱ्या इनिंगमध्ये लू गेरिगने त्याला होम रन मारला. त्यानंतरचा बॅटर अर्ल अॅव्हरिल. त्याने मारलेला सणसणीत फटका सरळ डीनच्या डाव्या पायावर येऊन आदळला. चेंडू उडून सहकाऱ्याकडे गेला, अॅव्हरिल बाद झाला आणि इनिंग संपली. डीनच्या पायाचा अंगठा मोडला होता.

अंगठा मोडणं म्हणजे काही फार मोठी दुखापत नव्हे. दीड-दोन महिने पाय जपला असता तर हाड जुळून आलं असतं. पण हंगाम चालू होता, संघाला विजय हवे होते आणि डीनला स्वतःलाही बाकावर बसवत नव्हतं. साधारण दोन आठवड्यांतच तो पुन्हा चेंडू टाकायला उभा राहिला.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगायला हवं. वर्गात एखाद्या मुलाला उभं करून हे करून दाखवता येईल. चेंडू हाताने फेकला जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर जोर पायांतून सुरू होतो. पाय जमिनीला रेटतात, तो जोर कमरेत येतो, कंबर वळते, धड वळतं, मग खांदा, मग कोपर आणि शेवटी बोटं. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे पडतो आणि सगळ्या शरीराचा भार त्यावर येतो. तो पाय भक्कम रोवला गेला तरच कमरेचा जोर हातात नीट उतरतो.

डीन उजव्या हाताचा, आणि मोडलेला अंगठा डाव्या पायाचा. पाय टेकला की कळ यायची. मग शरीराने जे करायचं तेच केलं. दुखऱ्या पायावर भार कमी टाकायला सुरुवात केली. पाऊल आखूड पडू लागलं, फेकण्याची लय बदलली आणि पायाने करायचं काम खांद्याला करावं लागलं. फेकताना खांदा ज्या वेगाने आत वळतो तो सेकंदाला सात हजार अंशांहून जास्त मोजला गेला आहे. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. इतक्या वेगात थोडी जरी चूक झाली तरी तिची किंमत मोठी. त्यात हा हात आधीच तीन वर्षं साडेनऊशे इनिंगचा भार सोसून आलेला.

त्याच उन्हाळ्यात डीनचा हात गेला. अंगठा यथावकाश बरा झाला, पण हातातला तो जुना वेग परत आलाच नाही. त्या वर्षीचे त्याचे विजय तेरावर थांबले.

तेव्हाच्या डॉक्टरांकडे एक्स-रे होता. त्यात हाड दिसतं, स्नायू आणि अस्थिबंध दिसत नाहीत. एमआरआय यायला अजून कित्येक दशकं होती. त्यामुळे हात दुखतो म्हणणाऱ्या पिचरला मालीश, शेक आणि थोडी विश्रांती यापलीकडे फारसं काही मिळत नसे. जे दिसत नाही ते दुखणं खरं आहे की नाही, अशी शंकाही घेतली जायची. मुलं पाय दुखतो, पाठ दुखते म्हणतात तेव्हा आपणही कधी कधी तेच करतो, नाही का?

उरलेलं खेळणं

एप्रिल १९३८ मध्ये कार्डिनल्सने डीनला शिकागो कब्जला देऊन टाकलं. बदल्यात तीन खेळाडू आणि एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर घेतले. हात दुखरा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या वर्षी तो सात सामने जिंकला आणि एकच हरला. वेग नव्हता, म्हणून डोकं वापरलं. हळू चेंडू, नेमकी जागा, बॅटरला फसवणं यावर तो खेळत राहिला. कब्ज वर्ल्ड सिरीजला पोचले. ६ ऑक्टोबरला दुसऱ्या सामन्यात बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजसमोर डीन उभा होता. सात इनिंगनंतर कब्ज ३-२ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये फ्रँक क्रोसेटीने होम रन मारला, नवव्यात जो डिमॅजिओने. सामना हातून गेला.

त्यानंतर १९३९ मध्ये सहा विजय, १९४० मध्ये तीन, आणि १९४१ मध्ये खेळ संपला. वय एकतीस. १९३७ च्या अखेरपर्यंत १३४ सामने जिंकलेला हा पिचर पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून सोळाच जिंकू शकला.

माइकवरचा डीन आणि शिक्षकांची तक्रार

खेळ सुटल्यावर डीन रेडिओवर सामन्यांचं वर्णन करू लागला. त्याची भाषा शेतातली होती. व्याकरणाची ऐशीतैशी! इंग्रजीत घसरला या अर्थी 'स्लिड' म्हणायचं, तर हा 'स्लड' म्हणायचा. १९४६ मध्ये मिझुरी राज्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांची तक्रार देशभर गाजली. मुलं याचं ऐकून चुकीचं बोलायला लागली, असं त्यांचं म्हणणं होतं. श्रोते मात्र डीनच्या बाजूने उभे राहिले. ज्याची शाळा कापसाने हिरावून घेतली त्याने स्वतःच्या बोलीत देशाला खेळ ऐकवला, असं आज आपण म्हणू शकतो. पुढे टीव्हीवरही तो वर्षानुवर्षं वर्णन करत होता.

सेंट लुईसच्या ब्राउन्स संघाचे सामने सांगताना तो त्यांच्या पिचरांवर फार टीका करायचा. शेवटी २८ सप्टेंबर १९४७ ला ब्राउन्सनी त्यालाच मैदानात उतरवलं. सदतिसाव्या वर्षी, सहा वर्षांच्या खंडानंतर, डीनने चार इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. बॅट घेऊन एक फटकाही मारला. पण धावताना पायाचा स्नायू दुखावला. या वेळी तो थांबला. मैदानाबाहेर आला तो कायमचाच.

१९७४ चा योगायोग

१७ जुलै १९७४ रोजी डीनचं निधन झालं. त्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध सामना चालू असताना तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे खेळाचा शेवटच मानला जायचा. पण सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला एक कंडरा काढून कोपरात बसवला. दीड वर्ष धीर धरून टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

काळजीची गोष्ट अशी की आता ती शाळकरी वयातल्या मुलांवरही करावी लागते. अमेरिकेत २००६ साली तरुण पिचरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट जास्त आढळली. वर्षातले आठ महिन्यांहून अधिक काळ फेकणाऱ्यांमध्ये ती पाच पट होती. मग नियम आले. लिटल लीगने २००७ पासून मुलांच्या फेकी मोजायला सुरुवात केली. २०१४ मध्ये मोठ्या लीगने वयानुसार मर्यादा सुचवल्या : नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ७५ फेकी, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ हून जास्त फेकी केल्या तर पुढे चार दिवस विश्रांती.

आपल्यासाठी

आपल्याकडे बेसबॉल कमी, पण क्रिकेटची वेगवान गोलंदाजी घरोघरी आहे. सतत गोलंदाजी केल्याने पाठीच्या मणक्यात बारीक भेग पडते, हे मोठ्या गोलंदाजांच्या बाबतीत आपण बातम्यांत वाचतो. वाढीच्या वयात हाडांची टोकं कूर्चेची असतात, त्यामुळे मुलांना धोका अधिकच. एकच मुलगा शाळेच्या संघात, अकादमीत आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या स्पर्धेतही खेळतो. तीन ठिकाणी तीन प्रशिक्षक, आणि एकूण चेंडू किती टाकले हे एकालाही माहीत नसतं. तेव्हा एवढं करून पाहा :

१. खेळणाऱ्या मुलाची एक छोटी वही ठेवा. रोज किती चेंडू टाकले, कुठे दुखलं, एवढंच लिहायचं. ती वही तिन्ही प्रशिक्षकांना दाखवायची.
२. आठवड्यातून किमान एक दिवस आणि वर्षातून काही महिने त्या खेळाला सुट्टी द्या. दुसरा खेळ खेळू दे.
३. एका जागी दुखत असताना मूल वेगळ्या पद्धतीने धावू किंवा फेकू लागलं, तर त्याला लगेच थांबवा. डीनचं नेमकं इथेच चुकलं.
४. दुखणं सांगणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर रडका, नाजूक म्हणू नका. एकदा हसं झालं की पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.
५. दुखणं आठवडाभर राहिलं तर घरगुती शेकावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. अंगठा पायाचा मोडला, मग हात का निकामी झाला? चित्र काढून समजावून सांगा.
२. डीनला लवकर मैदानात यायला कोणकोणत्या गोष्टींनी भाग पाडलं असेल? पैसा, संघ, प्रेक्षक, स्वतःचा स्वभाव यांतलं कोणतं कारण तुम्हाला मोठं वाटतं?
३. तुम्ही डीनचे प्रशिक्षक असता तर जुलै १९३७ मध्ये काय केलं असतं? संघ हरत असता तरीही?
४. तुम्हाला दुखत असताना ते कोणाला सांगणं सोपं जातं? आणि कोणाला सांगणं अवघड जातं? का?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मुलांकडून चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या. ती आपण मोठ्यांनी शांतपणे वाचावीत. त्यात आपलंच नाव अवघडच्या यादीत निघालं, तर काम कुठून सुरू करायचं ते कळेल.